आठव्या हेन्रीची सहा लग्नं: लंडन आणि आसपासचे सहा दिवस

हा प्रवास सोमवारी सुरू करून शनिवारी संपवावा. विंडसरचा किल्ला मंगळवारी आणि बुधवारी बंद असतो, हॅम्प्टन कोर्ट वर्षातला बराच काळ सोमवारी-मंगळवारी उघडत नाही, आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत रविवारी फक्त प्रार्थनेसाठी प्रवेश मिळतो. वार चुकले तर सहा दिवसांतले दोन दिवस बंद दारं बघण्यात जातात. मुक्काम किंग्ज क्रॉस किंवा लंडन ब्रिजजवळ केला की सगळ्या गाड्या सोयीच्या पडतात.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या (१४९१–१५४७) सहा राण्यांच्या नावांनी रुमाल, कप आणि बाहुल्या प्रत्येक दुकानात मिळतात. त्यातलं बहुतेक प्रेमप्रकरणांबद्दल आणि शिरच्छेदांबद्दल असतं. प्रत्यक्ष जागा बघताना मात्र दोन प्रश्न सतत बरोबर ठेवावेत: हे लग्न वैध होतं का, आणि ते ठरवण्याचा अधिकार कुणाचा? पहिल्या प्रश्नावर मुलं औरस की अनौरस, म्हणजे गादी कुणाची, हे ठरत होतं. दुसऱ्या प्रश्नावर इंग्लंडचं रोमशी नातं तुटलं. आजच्या अर्थाने हेन्रीने एकही घटस्फोट घेतला नाही. तीन लग्नं त्याने ‘मुळात झालीच नव्हती’ असं ठरवून घेतलं आणि त्यातल्या दोन लग्नांच्या मुली त्या क्षणी अनौरस झाल्या.

सोमवार: पीटरबरो

किंग्ज क्रॉसहून जलद गाडीने पीटरबरो साधारण पन्नास मिनिटांवर आहे. लंडनमध्ये चालणारं टॅप करायचं कार्ड इथपर्यंत चालत नाही, तिकीट वेगळं काढावं लागतं. सकाळच्या गर्दीची वेळ टळल्यावरचं तिकीट बरंच स्वस्त पडतं. पण ते घेऊन आधीच्या गाडीत बसलं तर दंड होतो. स्टेशनपासून कॅथीड्रल दहा मिनिटं चालत. प्रवेश मोफत, देणगी ऐच्छिक.

उत्तरेकडच्या बाजूला, मुख्य वेदीजवळ, काळसर फरशीखाली हेन्रीची पहिली राणी, ॲरागॉनची कॅथरीन आहे. वर सोनेरी अक्षरांत ‘इंग्लंडची राणी कॅथरीन’ असं लिहिलंय. ती अक्षरं अलीकडची. ७ जानेवारी १५३६ ला किम्बोल्टनच्या किल्ल्यात ती गेली आणि २९ जानेवारीला तिला इथे पुरलं ते राणी म्हणून नव्हे, तर हेन्रीच्या थोरल्या भावाची, युवराज आर्थरची, विधवा म्हणून. दफनाचा सगळा विधी, ध्वज, पदवी त्याच हिशेबाने ठरवली होती. तिला राणी म्हणून पुरलं असतं तर हेन्रीचं दुसरं लग्न आपोआप खोटं ठरलं असतं.

वादाचं मूळ इथेच समजून घ्यावं, पुढचे पाच दिवस त्यावर उभे आहेत. कॅथरीनचं लग्न १५०१ मध्ये आर्थरशी झालं आणि पाच महिन्यांत, एप्रिल १५०२ मध्ये, तो वारला. दिराशी लग्न करायला पोपची परवानगी लागत होती. ती दुसऱ्या जूलियस पोपने दिली आणि ११ जून १५०९ ला ग्रीनिचला हेन्रीशी तिचं लग्न झालं. बरीच बाळंतपणं झाली. १ जानेवारी १५११ ला जन्मलेला मुलगा ५२ दिवस जगला. वाढली ती एकटी मेरी, जन्म १५१६. बायबलमध्ये दोन वचनं समोरासमोर उभी आहेत: लेवीय २०:२१ म्हणतं, भावाची बायको केली तर संतान होणार नाही, आणि ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं २५:५ म्हणतं, भाऊ निपुत्रिक मेला तर दिराने त्याच्या विधवेशी लग्न करावं. हेन्रीने पहिलं वचन धरलं आणि म्हटलं, देवाच्या कायद्याला सूट देण्याचा अधिकार पोपलाही नाही. एवढ्या एका वाक्याने हे प्रकरण नवरा-बायकोचं न राहता पोपच्या सत्तेचं झालं. त्यात १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजांनी रोम लुटलं आणि सातवा क्लेमेंट पोप त्यांच्या ताब्यात आला. चार्ल्स हा कॅथरीनचा सख्खा भाचा. रोमकडून हवा तो निकाल मिळण्याची शक्यता तिथेच जवळजवळ संपली.

कबरीसमोरून वेदीच्या दक्षिण बाजूला जावं. तिथे १५८७ ते १६१२ अशी पंचवीस वर्षं स्कॉटलंडची राणी मेरी होती. शनिवारी वेस्टमिन्स्टरला ती परत भेटेल. दोन्ही राण्यांना पुरणाऱ्या रॉबर्ट स्कार्लेट या कबर खणणाऱ्याचं चित्र पश्चिम दाराजवळच्या भिंतीवर आहे, ते बहुतेकांकडून राहून जातं. आणखी एक: कॅथरीनला पुरलं तेव्हा हा मठ होता. १५३९ मध्ये तो बंद झाला, १५४१ मध्ये त्याचं कॅथीड्रल झालं आणि शेवटचा मठाधिपतीच पहिला बिशप झाला. १५३६ ते १५४० या काळात देशातले सुमारे ८०० मठ बंद झाले, त्यांतले फार थोडे असे उभे राहिले.

किम्बोल्टनला जायचा मोह टाळावा. तिथे आता शाळा आहे आणि ती वर्षातले मोजके दिवसच लोकांना खुली असते. त्यापेक्षा परतताना थेम्सलिंकची संथ गाडी घ्यावी. दीड तासाच्या आसपास लागतो, पण ती थेट ब्लॅकफ्रायर्सला थांबते. १५२९ मध्ये पोपच्या प्रतिनिधींसमोर इथल्या मठात खटला चालला आणि २१ जूनला कॅथरीनने भर न्यायसभेत हेन्रीसमोर गुडघे टेकून आर्थरशी आपला शरीरसंबंध झालाच नव्हता असं सांगितलं. मठ गेला. आयर्लंड यार्ड नावाच्या बोळात त्याच्या भिंतीचा एक तुकडा उरलाय. पाच मिनिटांचं काम आहे, पण करावं.

मंगळवार: हीव्हर

लंडन ब्रिजहून अकफील्डच्या मार्गावरची गाडी. हीव्हर स्टेशनवर कर्मचारी नाही, टॅक्सी नाही. किल्ला दीड किलोमीटरवर आहे आणि वाट शेतांतून, कुंपणाच्या फाटकांतून जाते. पावसानंतर तिथे घोट्यापर्यंत चिखल होतो, तेव्हा बूट तसे घालावेत. चालणं जमणार नसेल तर आधीच्या एडनब्रिज टाउनला उतरून टॅक्सी करावी, तीही आदल्या दिवशी सांगून ठेवलेली. परतीची गाडी बहुधा तासाला एकच असते, म्हणून तिची वेळ आधीच टिपून ठेवावी.

बोलीन घराण्याने १४६२ मध्ये ही जागा विकत घेतली आणि हेन्रीची दुसरी राणी ॲन बोलीन हिचं बालपण इथे गेलं. आत तिच्या दोन प्रार्थनापोथ्या आहेत, दोन्हींत तिच्या हातचं लिखाण. एका पोथीत प्रार्थना करताना माझी आठवण ठेवा, अशा अर्थाच्या ओळी आहेत. बाहेरच्या फाटकाशी गावाचं छोटं चर्च आहे. तिथे तिच्या वडिलांची, थॉमस बोलीनची, पितळी पत्र्याने मढवलेली कबर आहे. त्याला तिकीट लागत नाही. बागा आणि तळं मात्र १९०३ नंतर ॲस्टर कुटुंबाने केलेली, त्यांत ट्यूडर काळ, म्हणजे हेन्रीच्या घराण्याचा काळ, शोधू नये.

ॲन का महत्त्वाची, हे तारखा एका रांगेत लावल्याशिवाय कळत नाही. १५३२ च्या अखेरीस ती गरोदर राहिली. मूल औरस जन्माला यायचं तर त्याआधी एक लग्न पुसून दुसरं पक्कं करायला हवं. जानेवारी १५३३: हेन्रीशी गुपचूप लग्न. मार्च अखेर: थॉमस क्रॅनमर कँटरबरीचा आर्चबिशप. एप्रिल: इंग्लंडमधल्या निकालाविरुद्ध रोमकडे दाद मागायला बंदी करणारा कायदा. या कायद्याशिवाय पुढचं सगळं कोसळलं असतं, कारण कॅथरीन दुसऱ्याच दिवशी रोमकडे गेली असती. २३ मे: डन्स्टेबलच्या मठात क्रॅनमरचा निकाल, कॅथरीनचं लग्न मुळातच अवैध. २८ मे: ॲनचं लग्न वैध. १ जून: ॲनचा राज्याभिषेक. ७ सप्टेंबर: एलिझाबेथचा जन्म. पुढच्या वर्षी वारसाहक्काचा कायदा झाला आणि मेरी वगळली गेली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने राजा इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख झाला. देशाच्या धर्मसत्तेची फेरमांडणी एका बाळंतपणाच्या मुदतीत बसवलेली होती, आणि ते बाळंतपण मुलीचं निघालं.

याच घरात चौथी राणीही भेटते. थॉमस बोलीन १५३९ मध्ये वारल्यावर हीव्हर राजाकडे गेलं आणि १५४० मध्ये ते क्लीव्हजच्या ॲनला तडजोडीत मिळालं. जर्मन संस्थानिकांशी जवळीक व्हावी म्हणून हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने जुळवलेलं हे लग्न ६ जानेवारीला झालं आणि ९ जुलैला रद्द ठरलं: तिचं लॉरेनच्या ड्यूकच्या मुलाशी आधी ठरलेलं होतं आणि शरीरसंबंध झाला नाही, ही कारणं. तिने विरोध केला नाही, म्हणून घरं, जमिनी आणि ‘राजाची बहीण’ हा मान घेऊन ती १५५७ पर्यंत जगली. सहाही जणींत सर्वांत शेवटी गेलेली तीच. क्रॉमवेलचं डोकं मात्र २८ जुलैला उडालं.

बुधवार: टॉवर ऑफ लंडन आणि ग्रीनिच

आठवड्याच्या मधल्या दिवशी टॉवर नऊला उघडतं, तेव्हा दारातच असावं. टॉवर आणि हॅम्प्टन कोर्ट एकाच संस्थेकडे आहेत. दोन वेगळी तिकिटं आणि वर्षाचं सभासदत्व यांचा हिशेब आधी करून पाहावा, फरक कधी कधी अगदी थोडा असतो. गणवेशातल्या वॉर्डरबरोबरची (टॉवरच्या पहारेकऱ्याबरोबरची) फेरी तिकिटातच येते. सेंट पीटर ॲड विन्क्युला या चॅपेलमध्ये जाण्याचा तो सर्वांत भरवशाचा मार्ग. ॲन बोलीन, पाचवी राणी कॅथरीन हॉवर्ड, पुढे काही दिवस राणी झालेली जेन ग्रे, शिवाय राजाचं धर्मप्रमुखपद न मानल्याबद्दल १५३५ मध्ये मारलेले थॉमस मोर आणि बिशप जॉन फिशर, सगळे याच छोट्या जागेत. १८७६ च्या दुरुस्तीत फरशी काढली तेव्हा अवशेष सापडले आणि वेदीपुढे नावांच्या फरशा बसवल्या गेल्या.

इथे दोन गैरसमज पक्के बसलेत. हिरवळीवर काचेच्या उशीचं स्मारक आहे, पण ॲनचा वधमंच बहुधा तिथे नव्हता. तो व्हाइट टॉवरच्या उत्तरेला, आज राजमुकुटं पाहायला रांग लागते त्या इमारतीसमोर असावा. दुसरं, लाकडी चौकटींचं ‘किंग्ज हाउस’ (आधीचं ‘क्वीन्स हाउस’) दाखवून ॲन तिथे कैदेत होती असं सांगितलं जातं. ते घर तिच्या मृत्यूनंतर, १५४० च्या सुमारास बांधलेलं. ती राहिली ते राजनिवास आणि तिचा खटला चालला तो दिवाणखाना, दोन्ही आता नाहीत.

ॲनच्या तारखा पुन्हा पाहाव्यात: २ मे १५३६ व्यभिचाराच्या आरोपावरून अटक, १५ मे खटला, १७ मे लग्न रद्द, १९ मे शिरच्छेद. लग्न मुळातच नव्हतं तर व्यभिचार कसा, हा प्रश्न साधा आहे, पण त्या चार दिवसांत तो कुणी कोर्टात मांडला नाही. मृत्यूने बायको गेली असती, तरी मुलगी औरसच राहिली असती. एलिझाबेथला बाजूला करायला लग्न रद्द होणं वेगळं लागत होतं. त्या उन्हाळ्यातल्या वारसाहक्काच्या दुसऱ्या कायद्यानंतर हेन्रीची तिन्ही हयात मुलं, म्हणजे मेरी, एलिझाबेथ आणि विवाहबाह्य मुलगा हेन्री फिट्झरॉय, कायद्याने अनौरस होती. सतरा वर्षांचा फिट्झरॉय जुलैतच वारला.

दुपारी टॉवरच्या धक्क्यावरून प्रवासी बोटीने ग्रीनिच. टॅप करायचं कार्ड तिथे चालतं. हेन्री, मेरी आणि एलिझाबेथ तिघेही जिथे जन्मले तो राजवाडा उरलेला नाही, जुन्या नौदल महाविद्यालयाच्या आवारात एक शिळा आहे. ॲनला अटक करून याच नदीतून उलट दिशेने टॉवरला नेलं. राजवाड्याची अपेक्षा ठेवून गेलेले इथे निराश होतात. एका तासाहून जास्त वेळ ठेवू नये.

गुरुवार: हॅम्प्टन कोर्ट

वॉटर्लूहून थेट गाडी, पस्तीस-चाळीस मिनिटं, कार्ड चालतं. पूल ओलांडला की राजवाडा. पूर्ण दिवस द्यावा. स्वयंपाकघरं मोठी आणि मोहात पाडणारी आहेत, तिथे सकाळ गेली तर मुख्य दालनांना वेळ उरत नाही. ग्रेट हॉलपासून सुरुवात करावी.

ग्रेट हॉल १५३२ ते १५३५ मध्ये, म्हणजे ॲनच्या उत्कर्षात, बांधला. नंतर तिची चिन्हं सगळीकडून काढली गेली, पण लाकडी जाळीच्या कोरीव कामात एच आणि ए ही गुंतवलेली अक्षरं एका ठिकाणी राहून गेली. सापडत नसतील तर दालनातल्या कर्मचाऱ्यांना विचारावं, ते हौसेने दाखवतात. भिंतींवर ब्रुसेल्सला विणलेले अब्राहमच्या कथेचे दहा प्रचंड पडदे आहेत. वृद्धापकाळी देवकृपेने औरस मुलगा मिळालेला पुरुष, ही ती कथा. हेन्रीने हा विषय का निवडला असेल ते सांगायला नको.

पुढच्या गॅलरीला ‘हाँटेड’ म्हणतात. पाचवी राणी कॅथरीन हॉवर्ड किंचाळत राजाकडे धावली, ही गोष्ट सोडून द्यावी, तिला समकालीन आधार नाही. २ नोव्हेंबर १५४१ ला क्रॅनमरने तिच्या आधीच्या संबंधांबद्दलचं पत्र चॅपेलमध्ये राजाच्या आसनावर ठेवलं, हे मात्र खरं. फेब्रुवारी १५४२ मध्ये ती मारली गेली. मूल नव्हतं, त्यामुळे गादीच्या प्रश्नात तिच्या लग्नाने काही बदललं नाही.

याच गॅलरीत, सुमारे १५४५ चं, हेन्रीच्या कुटुंबाचं चित्र आहे. या सहा दिवसांत एकच वस्तू सावकाश बघायची असेल तर ती ही. मध्यभागी सिंहासनावर हेन्री, शेजारी तिसरी राणी जेन सीमोर आणि तिचा मुलगा एडवर्ड. खांबांच्या पलीकडे, दोन कडांना, मेरी आणि एलिझाबेथ. तेव्हा राणी होती सहावी, कॅथरीन पार, आणि जेनला जाऊन आठ वर्षं झाली होती. एडवर्ड याच राजवाड्यात १२ ऑक्टोबर १५३७ ला जन्मला, १५ तारखेला इथल्या चॅपेलमध्ये बाप्तिस्मा झाला, २४ ला जेन गेली. चित्र हा जवळजवळ कायद्याचा मसुदाच आहे. १५४४ मध्ये संमत झालेल्या वारसाहक्काच्या तिसऱ्या कायद्याने क्रम लावला: एडवर्ड, मग मेरी, मग एलिझाबेथ. दोघींना गादीच्या रांगेत घेतलं, पण औरस म्हटलं नाही. खांबांच्या आत एक आणि बाहेर दोघी, ते याचमुळे.

चॅपेल रॉयलमध्ये फोटो काढू देत नाहीत. निळं-सोनेरी छत मान वर करून दहा मिनिटं बघावं. १२ जुलै १५४३ ला हेन्रीने कॅथरीन पारशी शेवटचं लग्न याच राजवाड्यात केलं. मुलींशी त्याचा दुरावा कमी करण्यात तिचा हात होता.

मुंबईकरांसाठी इथे एक आडवाट आहे. १६६२ मध्ये दुसरा चार्ल्स पोर्तुगालच्या कॅथरीन ऑफ ब्रगँझाशी लग्न करून इथेच राहायला आला. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडला मिळाली, आणि १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला ती वर्षाला दहा पौंडांवर दिली गेली. त्या लग्नातही प्रश्न तोच निघाला. राणी कॅथलिक, मूल नाही, म्हणून गादी कॅथलिक झालेल्या भावाकडे, दुसऱ्या जेम्सकडे. १६८८ मध्ये त्याला गादी सोडून पळावं लागलं.

शुक्रवार: विंडसर

वॉटर्लूहून थेट गाडीला तासाच्या आत-बाहेर लागतो. पॅडिंग्टनहून स्लाउला बदलून वेळ वाचतो, पण दोन गाड्यांचा मेळ चुकला तर तो फायदा जातो. सेंट जॉर्ज चॅपेल किल्ल्याआधी, दुपारी चारच्या सुमारास पर्यटकांना बंद होतं, म्हणून आधी चॅपेल, मग दालनं. फोटो इथेही नाहीत.

गायकवृंदाच्या बाकांमध्ये, जमिनीत, काळ्या दगडाची साधी फरशी आहे. तिच्याखाली हेन्री, जेन सीमोर, राजा पहिला चार्ल्स आणि बऱ्याच नंतरच्या राणी ॲनचं (हेन्रीच्या दोन्ही ॲनपैकी नव्हे) एक अर्भक. फरशीसुद्धा १८३७ ची. हेन्रीने भव्य कबरीची योजना केली होती, ती कधी पुरी झाली नाही. त्यासाठी राखलेली, मूळ हेन्रीचा मंत्री कार्डिनल वूल्झी याची काळी शवपेटी आज सेंट पॉल्समध्ये नेल्सनवर आहे. वर डावीकडे लाकडी सज्जा दिसतो. तो हेन्रीने ॲरागॉनच्या कॅथरीनसाठी करून घेतला होता.

शेजारी जेनच का? ती मुलाची आई होती, हे अर्धं उत्तर. ३० मे १५३६ ला तिच्याशी लग्न झालं तेव्हा आधीच्या दोघी हयात नव्हत्या. कॅथरीनचं लग्न खरं माना किंवा ॲनचं, हेन्री त्या दिवशी विधुरच होता. म्हणून एडवर्डच्या औरसपणावर बोट ठेवणं कुणालाही अवघड होतं.

या फरशीपाशी धर्माचा हिशेबही स्पष्ट दिसतो. हेन्रीने पोप काढला, पण जुनी श्रद्धा बरीचशी ठेवली. १५३९ च्या कायद्याने पाद्र्यांचं ब्रह्मचर्य आणि मिस्सातलं (कॅथलिक प्रार्थनाविधीतलं) पारंपरिक तत्त्व न मानणाऱ्यांना कडक शिक्षा होत्या. मृत्युपत्रात त्याने आपल्या आत्म्यासाठी मिस्सा म्हणण्याची तरतूद केली. तो जानेवारी १५४७ मध्ये गेला आणि त्याच वर्षी नऊ-दहा वर्षांच्या एडवर्डच्या राजवटीने अशा मिस्सांसाठीच्या देणग्या कायद्याने बंद केल्या. सुधारणावादी शिक्षकांच्या हाताखाली वाढलेला हा मुलगा, त्याच्याच काळात १५४९ आणि १५५२ च्या इंग्रजी प्रार्थनापोथ्या आल्या. चर्च खऱ्या अर्थाने प्रोटेस्टंट झालं ते तिसऱ्या लग्नाच्या मुलामुळे.

शनिवार: वेस्टमिन्स्टर ॲबी

शनिवारी ॲबी लवकर बंद होते. सकाळची पहिली वेळ ऑनलाइन घ्यावी. आत शिरल्यावर गर्दी मधल्या भागात रेंगाळते. सरळ पूर्वेला, सातव्या हेन्रीच्या चॅपेलमध्ये जावं.

वेदीखाली एडवर्ड आहे, १५५३ मध्ये पंधराव्या वर्षी गेलेला. कॅथलिक बहीण येऊ नये म्हणून मरताना त्याने दोन्ही बहिणींना वगळून जेन ग्रेला वारस केलं. पण बापाचा क्रम संसदेच्या कायद्यात होता आणि एडवर्डची इच्छा फक्त कागदावर. जेन १० ते १९ जुलै एवढीच राणी राहिली. मेरी आली, पोपची सत्ता १५५४ मध्ये परत आली, आणि १५५५ पासून सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जाळलं गेलं. धर्मश्रद्धा होतीच, पण आईचं लग्न वैध ठरवायचं तर पोपची ती परवानगी खरी मानावीच लागत होती. ॲनच्या मुलीचं नेमकं उलट: रोमच्या मते ती अनौरस, म्हणून १५५९ मध्ये एलिझाबेथने रोमशी पुन्हा फारकत घेतली. दोघींचा जन्मच त्यांच्या धर्माच्या बाजूला बांधलेला होता.

उत्तरेकडच्या अरुंद वाटेत दोघी एकाच कबरीत आहेत. मूर्ती फक्त एलिझाबेथची. खाली लॅटिनमध्ये लिहिलंय: राज्यात आणि कबरीत भागीदार, आम्ही बहिणी एलिझाबेथ आणि मेरी, पुनरुत्थानाच्या आशेने इथे झोपलो आहोत. समोरच्या दक्षिण वाटेत पीटरबरोहून आणलेली स्कॉटलंडची मेरी, हेन्रीच्या बहिणीची नात. हेन्रीच्या मृत्युपत्राने त्या बहिणीची शाखा वगळली होती. १६०३ मध्ये एलिझाबेथ निपुत्रिक गेली, हेन्रीचा वंश संपला, आणि गादीवर बसला त्याच शाखेचा जेम्स, स्कॉटलंडच्या मेरीचा मुलगा. दोन्ही कबरी त्यानेच बांधून घेतल्या. क्लीव्हजच्या ॲनची कबर मुख्य वेदीच्या दक्षिणेला आहे, पण बुटकी आणि आडबाजूची. माहिती असल्याशिवाय ती दिसत नाही.

बाहेर पडल्यावर खिशातलं नाणं पाहावं. राजाच्या नावानंतरची एफ आणि डी ही अक्षरं ‘धर्मरक्षक’ या पदवीची. ती १५२१ मध्ये पोप दहाव्या लिओने हेन्रीला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरविरुद्ध लिहिल्याबद्दल दिली होती. इंग्लंडचा राजा आजही चर्चचा सर्वोच्च शासक आहे. २०१३ च्या कायद्याने कॅथलिक व्यक्तीशी लग्न केलेला वारस बाद होत नाही, पण स्वतः कॅथलिक असलेल्याला गादी अजूनही मिळत नाही.

आणखी दोन दिवस असतील तर

पॅडिंग्टनहून वुस्टर आणि चेल्टनम एकाच दिशेला येतात. वुस्टरच्या कॅथीड्रलमध्ये आर्थरची कबर आहे, तिचं दगडी कोरीवकाम अप्रतिम. चेल्टनमहून विंचकमजवळच्या सडली किल्ल्यात कॅथरीन पार. हेन्रीनंतर तिने जेनच्या भावाशी, थॉमस सीमोरशी, लग्न केलं आणि ५ सप्टेंबर १५४८ ला बाळंतपणानंतर ती गेली. स्वतःच्या नावाने पुस्तक छापणारी ती इंग्लंडची पहिली राणी. सडली हिवाळ्यात बंद असतं. विंचकमच्या बस मोजक्या असतात आणि शेवटची लवकर सुटते, म्हणून चेल्टनमलाच मुक्काम करावा.